मांजराच्या नावाची कलेजी

उमापूर, ता. गेवराई
सोमवार

तीर्थरूप आप्पामामा,

उमापूरहून भाचा अजिनाथ याचा दंडवत. (गुडघा दुखतोय म्हणून उभ्याउभ्याच घालतोय, गोड मानून घ्या.) तुमची शुगर, मामींचा दमा आणि तुरीवरची अळी, तिन्हींची हालहवाल कळवावी. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. मामा, मी परवा तुमच्या नंबरवर तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तो आईनं उचलला, "राँग नंबर" म्हणाली आणि ठेवून दिला. पोटच्या पोराला राँग नंबर म्हणणारी ही तुमची थोरली बहीण सध्या तलवाड्यात तुमच्याकडं मुक्कामाला आहे, म्हणून हा कागद दूधगाडीवाल्याच्या हाती देतोय. तिनं तिची बाजू सांगितलीच असेल. आता माझी ऐका.

दीड वर्षापूर्वी मी दुकानासाठी तांब्याची तार आणायला संभाजीनगरला गेलतो. तारेच्या दुकानाशेजारी माशांचं दुकान. तिथं एका बरणीत बोटाएवढा मासा होता. पाठ काळी, पोट पांढरं, शेपूट लालभडक आणि तोंडाला ह्या लांब मिशा. (मिशांबद्दल पुढं थोडं बोलावं लागणार आहे, त्याची क्षमा आधीच मागतो.) दुकानदार म्हणाला, रेड टेल कॅटफिश आहे, टाकीच्या मापानं वाढतो, लहान टाकीत लहानच राहतो. मामा, मी पंचवीस वर्षं लोकांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी उघडतोय. "काही केलं न्हाई, आपोआप जळली" असं सांगणारा माणूस मी पायरीवरूनच ओळखतो. पण त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, मी विश्वास ठेवला आणि मासा घेऊन आलो.

घरी तुमच्या सूनबाईनं, वनमालानं, हौसेनं पाळलेले सहा सोनेरी मासे होते. त्यांच्यातच ह्याला सोडला. पहिले दोन महिने सगळं गुण्यागोविंदानं चाललं. मग एक दिवस वनमाला म्हणाली, पाचच दिसतात. मी म्हणालो, लपला असेल. आठवड्यानं चार झाले, तरी मी म्हणालो, लपले असतील. (दोन फुटांच्या काचेच्या पेटीत मासा कुठं लपेल, हे तिनं विचारलं नाही. बाई मोठ्या मनाची आहे.) शेवटी पेटीत एकटा मिशीवाला उरला. त्याचं पोट असं तट्ट फुगलं होतं, जणू पंगतीतून सगळ्यात शेवटी उठलेला पाहुणा.

त्यानंतर तो जो वाढला! तीन पेट्या झाल्या. तिसरीला त्यानं एका फटक्यात तडा घातला आणि आमच्या बैठकीत घोटाभर पाणी झालं. मग मी दिवाण बाहेर काढला आणि त्या जागी सहा फुटी सिमेंटची टाकी बांधून घेतली, पुढून जाड काच. तळाला टाकायला वाळू हवी म्हणून गोदाकाठच्या ओळखीच्या माणसाकडून एक पोतं आणलं. आपल्याकडं वाळू दिसली की माणसं गोळा होतात हे तुम्हाला माहीतच आहे. गाडीवरून पोतं उतरवेपर्यंत तलाठीभाऊ दारात. कशासाठी, म्हणाले. मी म्हणालो, माशाला खाली अंथरायला. मग आत येऊन त्यांनी मासा पाहिला, चपला काढून पुन्हा एकदा पाहिला आणि चहा घेऊन गेले.

आता आईकडं येतो. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा येत नाही, आणि हा मासा मांसाशिवाय काही खात नाही. आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझ्या गळ्यात माळ हाय. हे जनावर घरात कावून आणलंस?" तिनं त्याला शाकाहारी करायचं ठरवलं. भिजवलेली हरभऱ्याची डाळ दिली, भाकरीचा कुस्करा दिला, एकादशीला साबुदाणा दिला. तो प्रत्येक घास तोंडात घ्यायचा, विचार करायचा आणि थुंकून टाकायचा. साबुदाणा तर पाण्यात असा फुगला की दोन दिवस टाकीत ताक भरल्यासारखं दिसत होतं. मग तह झाला. मी मटणवाल्या हनुमानच्या दुकानातून झिंगे आणायचे, मागच्या दारानं आणायचे आणि आई देवळात गेल्यावरच टाकायचे. आई मात्र रोज टाकीसमोर बसून त्याला बोलू लागली. "खा, खा, माझं घर बाटवून खा." बोलता बोलता तिनं त्याचं नावही ठेवलं. मामा, आता राग मानू नका. तिनं त्याचं नाव आप्पा ठेवलंय. (मिशांमुळं. आणि तिचं म्हणणं, बोलावल्यावर उशिरा येतो ही सवयही तुमचीच. हे माझे शब्द नाहीत.)

श्रावणानंतर मला ताप भरला आणि दहा दिवस अंथरुणात गेले. उठलो तो थेट टाकीपाशी गेलो. बघतो तर मासा उपाशी राहायचा सोडून आणखी गलेलठ्ठ. वनमालाला विचारलं, ती म्हणाली, मी हात लावला नाही. म्हणून हनुमानकडं गेलो. तो चाकू पुसत म्हणाला, "अवो, तुमच्या आई, तुळजाआत्या, रोज येत्यात की. मांजरासाठी म्हून कलेजी न्हेत्यात. लई लाडाचं दिसतंय मांजर."

मामा, आमच्याकडं मांजर नाही.

दुसऱ्या दिवशी मी दाराआडून पाहिलं. आईनं पदर खोचला, हिरव्या पिशवीतून काळी पुडी काढली आणि दोन बोटांत तुकडा धरून पाण्याशी नेला. आप्पा (म्हणजे मासा) अलगद वर आला आणि तिच्या बोटातून तुकडा घेतला. माझ्या हातून खाताना तो मनगटापर्यंत ओढतो. आई म्हणाली, "हळू मेल्या, माझं बोट हाय ते." मग तिनं साबणानं तीनदा हात धुतले, अंघोळ केली आणि पोथी उघडली. (फार कलेजी देऊ नये, असं मोबाईलवर सगळे जाणकार सांगतात. पण हे आईला सांगायचं म्हणजे मी पाहिलं हे सांगायचं, म्हणून मी तीन महिने गप्प राहिलो. ह्या गप्प राहण्याचं श्रेय मला कुणी देत नाही.)

मागच्या बुधवारी आमच्या घरी भजन होतं. डझनभर बाया जमल्या. भजनी मंडळाच्या पुढारी विमलबाई, त्या नेमक्या टाकीला टेकून बसल्या. गोंधळ असा, की आईनं वनमालाच्या एकाच जुन्या हिरव्या लुगड्यातून दोन पिशव्या शिवल्यात. एक टाळांची, एक "मांजराची". मांजराची टाकीवरच्या खुंटीला होती. आप्पाला ती दिसली, त्याची वेळही झालेली, आणि त्यानं शेपटीचा असा तडाखा दिला की विमलबाई अर्ध्या अभंगात भिजल्या. तरी बिचाऱ्या बाईंना काळजी टाळांची. "अगं बाई, टाळ भिजतील," म्हणत त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, आत हात घातला आणि काळी पुडी बाहेर आली. पुडीतून काय आलं ते तुम्ही समजून घ्या. पखवाज थांबला.

"तुळजाबाई, हे वो काय?" विमलबाईंनी विचारलं.

आई माझ्याकडं बघत होती. मामा, मी पन्नास वर्षांचा आहे आणि तिनं माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. मी फक्त "माझंच आहे" एवढं म्हणायचं होतं. तेच म्हणायला मी तोंड उघडलं. शपथ घेऊन सांगतो, तेच म्हणणार होतो. पण तोंडातून निघालं, "आई, आज जास्त आणलीस का गं?"

तिनं पोथी मिटली, लुगडी बांधली आणि सकाळच्या गाडीनं तुमच्याकडं आली.

खरं सांगतो, गावात कुणी काही म्हणत नाही. विमलबाई दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणाल्या, "मुक्या जिवाला खाऊ घातलं, त्यात पाप कसलं? खाताना एकदा दाखवा की." मंडळातल्या बाया आईची चौकशी करतात. तरी माझी बिलकुल घाई नाही. आईला हवे तितके दिवस ठेवून घ्या. भावाकडं राहायला कुणाला आवडत नाही? इकडं सगळं मजेत आहे. मासा मजेत, वनमाला मजेत, मीही मजेतच.

मामींना नमस्कार. उत्तर दूधगाडीवाल्याकडंच द्यावं, आईकडं देऊ नये.

तुमचा भाचा,
अजिनाथ

ता.क. मासा मजेत आहे असं वर लिहिलं, ते तुमच्या जिवाला घोर नको म्हणून. खरं म्हणजे आई गेल्यापासून आप्पानं (मासा) अन्नाला तोंड लावलेलं नाही. तिच्याशिवाय तो कुणाच्या हातचं खात नाही. तेव्हा माझ्यासाठी नव्हे, पण मुक्या जिवाकडं बघून तिला दोन दिवसांसाठी तरी पाठवून द्यावं. कलेजी मी स्वतः आणेन, पुढच्या दारानं.

आणखी ता.क. मामा, मी वनमाला. पाकीट आणायला हे उठलेत तेवढ्यात लिहिते. मासा खातोय. काल माझ्या हातचे नऊ झिंगे खाल्ले, आजही खाल्ले. खात न्हाईत ते हे. ताट घेऊन टाकीपुढं बसतात, दोन घास खातात आणि उठतात. माफी मागायला लाजतात, म्हणून माशाचं नाव पुढं केलंय. आईंना एवढंच सांगा. उद्या अकराच्या गाडीनं मी ह्यांनाच तलवाड्याला धाडते. बस स्टँडवर आईंना सोबत घेऊन या. चारचौघांत असल्या म्हणजे त्या मारणार न्हाईत.