ग्रुपमध्ये मी गप्प होते

बाई, तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे फोन नव्हता. निरोप शेजारच्यांकडे आला होता. आता माझं निम्मं काम फोनवरच चालतं. लोकांच्यात जाऊन, त्यांच्या घरात बसून त्यांचं जगणं समजून घ्यायचं, हे तुम्ही शिकवलेलं काम मी अजून करते, फक्त ते घर पुष्कळदा फोनच्या आत असतं. गेलं वर्षभर मी चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर काम करणाऱ्या बायकांबरोबर आहे. मराठवाड्यातून आलेल्या, चौघी-पाचजणी मिळून एक खोली घेऊन राहणाऱ्या. प्रत्येकीची शिफ्ट वेगळी, सुट्टीचा वार वेगळा, त्यामुळे एका खोलीत राहूनही त्यांची गाठ पडत नाही. म्हणून त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर बोलतात. पाणी भरलं का, बस चुकली का, सासू काय म्हणाली. लिहायचा कंटाळा आला की बोलूनच पाठवतात. परभणीकडच्या एकीने मला त्या ग्रुपमध्ये घेतलं. तेव्हा नऊजणी होत्या. ह्या ताई आपल्यावर पुस्तक लिहायल्यात, कुणाची हरकत असंल तर आत्ताच सांगा, असं तिने सगळ्यांना विचारलं होतं. कुणाची नव्हती.

तुम्ही मला पहिल्यांदा पिंपरीत नेलंत तो दिवस हल्ली फार आठवतो. पिंपळे सौदागरला तेव्हा शेतं होती. स्टेशनाजवळच्या चाळीत एका फिटरचं घर, स्वयंपाकाची जागा एवढीशी. त्याची बायको भाकरी थापते आहे, तुम्ही तिच्या शेजारी पाटावर बसला आहात आणि मी दाराशी वही उघडून भराभरा लिहिते आहे. कंपनी बंद होती त्या दिवसांत माहेरी तोंड दाखवायची कशी लाज वाटायची, हे ती सांगते आहे. तुम्ही माझ्या हातातलं पेन काढून घेता आणि सोलायला लसणाचा गड्डा ठेवता. परतीच्या बसमध्ये मी मोठ्या खुशीत म्हणाले, की तिला शेवटी माझा विसरच पडला होता, किती मोकळी बोलली. तुम्ही म्हणालात, "ती विसरली तर तू आठवण करून द्यायची. घरात परकं माणूस बसलंय हे तिला ठाऊक असलं पाहिजे. नाहीतर ते ऐकणं नव्हे, चोरी." मी चार दिवस राग धरून होते.

ग्रुपमध्ये कुणी कुणाच्या हातात लसूण देत नाही, बाई. कंत्राट संपलं की जुन्या जातात, नव्या येतात. नऊजणींच्या चाळीसजणी झाल्या ते मी पाहत होते, पण नव्यांना माझ्याबद्दल कुणी सांगितलं नाही, आणि मीही नाही. खरं म्हणजे मला ते सोयीचं होतं. माझ्या पिंपळे गुरवच्या घरी सकाळचा चहा घेता घेता मी त्यांचं बोलणं उतरवून घ्यायचे. इतकं जिवंत मला आजवर कुठे मिळालं नव्हतं. मग दिवाळीनंतर एका नव्या मुलीने बोलून पाठवलं, की तिला तिसरा महिना आहे, सुपरवायझरला कळलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील, कुणी कुठं बोलू नका. मी ते दोनदा ऐकलं आणि उतरवलं. पुढच्या आठवड्यात एका सभेत मला माझं काम वाचून दाखवायचं होतं आणि नाव काढून हे वाचायचं, असंही मनात ठरलं होतं. घरी मोठ्याने वाचून पाहायला म्हणून ते उघडलं आणि तसंच मिटलं. ती पोर मला ओळखत नव्हती. तिने ते आपल्या माणसांना सांगितलं होतं.

तिच्या सुट्टीच्या दिवशी मी चाकणला गेले. खोलीत ती आणि परभणीकडची, दोघीच होत्या. मी कोण, काय करते, सगळं सांगितलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"म्हंजे तुमी रोज आमचं ऐकायलात?"

मी हो म्हणाले.

"आन आमी कवा तुमचं ऐकलं?"

तिच्यासमोर मी तिचं उतरवून घेतलेलं बोलणं फोनमधून पुसलं. नंतर बाकी नव्याजणींचंही पुसलं. मग चहा झाला आणि मी त्यांना माझ्याबद्दल सांगायला लागले, तर तुमच्याबद्दलच सांगत सुटले. तुमची सुती साडी, बसमध्ये पुढच्या बाकावर बसायचा हट्ट, ती पिंपरीची भाकरी. कितीतरी वर्षांत मी तुमच्याबद्दल कुणाशी इतकं बोलले नव्हते. मुलीने विचारलं, त्या हायेत का आता? मी नाही म्हणाले. परभणीकडचीने माझ्या कपात आणखी चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर सगळ्यांना माझी ओळख लिहिली. दोघीतिघी राहा म्हणाल्या, बाकीच्या गप्प राहिल्या. संध्याकाळी परभणीकडचीने मला काढून टाकलं आणि लगेच फोन केला, राग नका धरू ताई, घरी येत जा. मी जाते, सुट्टीचा वार जुळला की. ती पोर पाचव्या महिन्यात आपणहून गावी गेली. तिला मुलगी झाली, हे मला पुष्कळ उशिरा, ऐकीव कळलं. पुस्तक आता बारीक होईल. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, होऊ दे. का आणखी काही म्हणाला असतात? मला खरंच माहीत नाही, आणि तेच सोसत नाही.

हे कुठे छापायचं नाही, तेव्हा एक कबूल करते. मीही आता कॉलेजात शिकवते. वर्गात अडले, की "आमच्या बाई म्हणायच्या" अशी सुरुवात करून मी पुष्कळदा माझंच काहीतरी सांगते. तुम्ही ते कधीच म्हणाला नव्हतात. मुलं वहीत उतरवून घेतात, आणि तेवढ्यापुरतं मला वाटतं, बाई आज काहीतरी नवीन बोलल्या.