दोनदा भाजलेली भाकर

प्रिय ताईस,

धाकट्याचा सप्रेम सलाम. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का ते कळव. माझी प्रकृती ठीक आहे. हे वाक्य पत्र संपेपर्यंत लक्षात ठेव, कारण पुढचा मजकूर वाचून तसं वाटणार नाही.

तापाच्या साथीमुळे पाळकसाहेबांनी प्रभुभोजनातला द्राक्षरसाचा सामाईक प्याला बंद केला आहे. आता नुसती भाकर मिळते, तीही रांगेशिवाय, बसल्या जागी. कृपा त्यामुळे निम्मी होत नाही, असं त्यांनी तीन रविवार समजावलं आणि मंडळीला पटलंही. मला मात्र चुटपुट लागली. दादाचं आणि माझं तुला ठाऊकच आहे. त्याने माझ्या दुकानासाठी टेबल करून दिलं, घड्याळं दुरुस्त करताना ते डुगडुगायचं, म्हणून मी गिऱ्हाइकासमोर टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवली, आणि दादा नेमका दारात उभा. (सुताराला शिव्या दिलेल्या चालतात, घडी चालत नाही.) तेव्हापासून सहा वर्षं अबोला. प्रभुभोजनाच्या रांगेत मात्र पुढे तो आणि मागे मी, लहानपणच्या सवयीने. त्याचा घोट झाला की पाळकसाहेब कड पुसून तोच प्याला मला देत. आमच्यात तेवढंच उरलं होतं. रांग गेली तसा दादा पलीकडच्या भिंतीशी बसू लागला.

बारा दिवसांपूर्वीच्या रविवारी पाळकीणबाईंनी, रोग मरावा म्हणून, भाकर दोनदा भाजून आणली. ती माझ्या घशात आडवी बसली. पूर्वी एका घोटाने खाली गेली असती. आता मी खोकलो. भर साथीत, भर उपासनेत! गाणारे मागच्या दाराने पसार झाले. खजिनदार (गुडघेदुखीमुळे प्रार्थनेलासुद्धा वाकत नाहीत) बाकावरून उडी मारून गेले. माझ्याकडे आला तो एकटा दादा. चाळीस वर्षं रंधा मारलेला हात पाठीत बसला, आणि भाकरीबरोबर माझी कवळीही बाहेर पडली. "चावायचं असतं, गाढवा," तो म्हणाला. सहा वर्षांनी! मी काय उत्तर देणार, दात त्याच्या पायाशी. त्यानेच ते उचलले आणि रुमालात गुंडाळून माझ्या खिशात घातले.

मग आरोग्य खात्याचा माणूस आला. खोकणारा आणि खोकणाऱ्याला हात लावणारा, दोघांना दहा दिवस उपासनागृहामागच्या खोलीत टाकलं. दोन खाटा, एक खिडकी. पहिले दोन दिवस दादा फक्त चौकटीशी बोलला (ती वाकडी बसवली आहे म्हणून). तिसऱ्या दिवसापासून माझा पाव चहात बुडवून, तोंड फिरवून माझ्यापुढे धरू लागला. रविवारी पाळकसाहेबांनी खिडकीतून ताटली सरकवली आणि लगबगीने गेले. तुकडा एकच होता. दादाने तो नजरेने मापून मोडला. केसाचाही फरक नाही. मग माझ्या अर्ध्याचे पुन्हा चार बारीक तुकडे केले, आणि मी शेवटचा गिळेपर्यंत समोर बसून राहिला. कृपा निम्मी होत नाही, हे मला त्या दिवशी पटलं.

तुझा,
धाकटा

ता. क. काळजी करू नकोस. परवाच आम्हा दोघांना निरोगी ठरवून दाराचं कुलूप काढलं. घरी जायचा विषय अजून कोणी काढलेला नाही. त्याच्या घरी वहिनी गेल्यापासून आणि माझ्या घरी पहिल्यापासून, वाट बघणारं कोणी नाही.

आणखी एक. तू तीस वर्षं इस्पितळातला वॉर्ड सांभाळलास, आणि दादा फक्त तुला घाबरतो. तेव्हा त्याला जरा कडक पत्र लिही, की असा खोकला उलटतो, धाकट्याला निदान महिनाभर तुझ्या घरी नजरेखाली ठेव. मी सांगितलं म्हणू नकोस.

शेवटचं. दादाही तुला पत्र लिहितोय, माझ्याकडे पाठ करून, कागदावर हात धरून. काय मागतोय कळत नाही. कुणी कुणाच्या घरी राहायचं यात आमच्या मागण्या एकमेकींच्या उलट निघाल्या, तर त्याचंच ऐक. आमच्यात मोठा तो आहे.