एबरविनची उजवी बाही

सोमवार, २७ सप्टेंबर १४२८. संध्याकाळची घंटा नुकतीच झाली.
तंबूत बसून एबरविनच्या चिलखताच्या वाद्या सोडवत होतो. एबरविन आतच आहे!

आमच्या सरदार गेरलाखांनी आज भाल्यांच्या खेळात त्याला घोड्यावरून पाडलं, आणि त्याचाच घोडा त्याच्या उजव्या हातावर कोसळला. हरलेल्याचा घोडा आणि चिलखत जिंकणाऱ्याचं, हा नियम. सरदार म्हणाले, "किलियान, उजवी बाही अखंड काढलीस तर दोन्ही बाह्या तुझ्या. एक कडी तुटली तर काही नाही." स्वतःचं चिलखत नसेल तर मी जन्मभर दुसऱ्यांच्याच वाद्या बांधणार.

वरचे पत्रे निघाले — कोपराची वाटी, दंडाचा पत्रा, मनगटाची नळी. खालची कड्यांची बाही मात्र अडकली. पत्र्याखाली घडी पडू नये म्हणून ती अगदी अंगाबरोबर बेतलेली असते. त्यात हात सुजलेला.

मंगळवार
चरबी लावून ओढली. एबरविन गुरासारखा ओरडला. मोतद्दार उट्झ बाहेरून म्हणतो, "सशाचं कातडं इतकं हळू सोलतात होय रे? हो बाजूला, मी येतो!"

मग एबरविनने माझं नाव विचारलं. "किलियान, कोपरापाशी दहा कड्या काप. दहाच! मी नव्या बसवून देईन." माझ्याहून वर्षाने लहान असेल. पण प्रत्येक कडी वेगळी ठोकून बंद केलेली असते. नवी बसवली की ओळखू येते. "सरदारांना विचारतो," म्हणालो.

विचारलं नाही.

बुधवार, संत मिखाएलचा सण
बोटं काळी पडली. वास येतो आहे. छावणीतल्या जखमा बघणारा न्हावी आला. म्हणाला, "आधी बाही कापा. मग हाताचं बघू."

सरदार सणाच्या हंसाची तंगडी चावत होते. "हात कुणाचा? त्याचा. बाही कुणाची? माझी. मग कापायचं काय, ते तूच सांग!"

सगळे हसले. मीही.

गुरुवार
न्हाव्याने हात खांद्याशी कापला. मी धरून होतो. नंतर बाही सहज निघाली.

शुक्रवार
पिंपात वाळू आणि सिरका घालून बाही घोळवली. बोट फिरवून तपासली — एकही कडी तुटलेली नाही! आधी जाड शिवलेला अंगरखा, त्यावर कड्या, त्यावर पत्रे — चढवून पाहिलं. तंतोतंत! कोपर दुमडलं, कुठे टोचलं नाही. उट्झ म्हणाला, "वा, सरदार किलियान! आता टोपी काढू का तुमच्यापुढे?"

रविवार, ३ ऑक्टोबर
एबरविन पहाटे गेला. बापाला मुलगा पूर्ण चिलखतात पुरायचा आहे. सरदारांनी त्याला सगळं विकलं, दोन्ही बाह्यांसकट. उजवीत पेंढा भरून वाद्या मीच बांधल्या.

सरदारांना जमा: साठ गुल्डेन.
वाळू आणि सिरका, माझ्या पदरचे: तीन फेनिग. येणे बाकी.