भिंतीतले कोरडे पाइप

बाबा, तुम्ही मला एकदाच मारलंत, ते कशेडी घाटात. तुम्ही रस्त्याच्या डागडुजीवर मैलकुली, मी भाकरी घेऊन आलेली. तुम्ही जेवत होतात आणि मी डोंगराकडच्या दगडी भिंतीतल्या भोकांत ओली माती कोंबत बसले. हात न धुताच उठलात आणि पाठीत धपाटा. "अक्कल हाय का गो? पानी आत साठलं तर भिंत घेऊन खाली येल. खाली वाडी हाय!" मग एकेका भोकात बांबूची काठी पार आतपर्यंत घालून पाहिलीत. माझी माती निघाली तरी तुमचा विश्वास बसेना. "भोक दिसतंय म्हून पानी येल, असं नाय."

आता रस्ता रुंद करायला तोच डोंगर कापलाय. परवानगीत अटी आहेत: झरे बुजवायचे नाहीत, माती ओढ्यात लोटायची नाही, भिंतीमागच्या पाण्याला वाट ठेवायची. हे पाळलंय का ते बघून सही करायचं काम महाडच्या ऑफिसात माझ्याकडे. मे महिन्यात ठेकेदाराचा माणूस मला जीपमधून घेऊन गेला. भिंत नवीकोरी, पाइप एका ओळीत. "मॅडम, सगळं नियमात." पाइपांच्या तोंडाशी मातीचा कण नव्हता, मागून कधी थेंब झिरपल्याची खूणही नव्हती. माझ्या मनात पाल चुकचुकली, तरी सही केली.

आज भर पावसात एकटी गेले. रस्त्यावरून पाण्याचे लोट, आणि पाइप ठणठणीत कोरडे. तुमची तीच बांबूची काठी घातली. वीतभर गेली आणि सिमेंटला टेकली. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. पाइप नुसते दाखवायला. तशीच खाली वाडीत उतरले, म्हटलं, पाऊस आहे तोवर शाळेत राहायला चला. एक म्हातारी म्हणाली, "सरकारच्या बाईनं बघून सही केलीय ना, मग तू कशाला भितेस गो?" ती बाई मीच, हे माझ्या तोंडून निघालं नाही. कुरकुरत का होईना, सगळे गेले.

मग साहेबांना लेखी दिलं की मी पाइप तपासले नव्हते. साहेब कागद दाबतील असं वाटतंय, म्हणून एक प्रत तहसीलदारांकडेही दिली. न तपासण्याचं कारण 'वेळ नव्हता' असं लिहिलंय. बाबा, वेळ होता. काठीसुद्धा त्या दिवशी मी बरोबर नेली होती. जीपमध्ये ठेवलेली पाहून तो माणूस हसला, म्हणाला, "ही कुणाची हो मॅडम?"

मी म्हटलं, "ड्रायव्हरची असेल."