पहिलं पान नेटवर्कवरूनच

३ तारीख, सोमवार. सकाळी.
ठरलं. आजपासून घरातला प्रिंटर सर्वांचा. सध्या तो आतल्या खोलीत, माझ्या कॉम्प्युटरला वायरने बांधलेला. ही हॉलमध्ये शिकवण्या घेते. सरावाच्या गणितांचं पान हवं असलं की पेनड्राइव्ह घेऊन आत येते. कन्येचंही तेच. ऑफिसने मला मुदतीआधी मोकळं केल्यापासून माझ्या खोलीतली वाहतूक एवढीच. पण प्रगती म्हटली की भावनेला जागा नाही. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, मधे नेटवर्क. दुपारपर्यंत होईल.

ता. क. मेहुण्याचा फोन. त्याच्या ओळखीच्या गोडाऊनवाल्याला स्टोअर सांभाळायला अनुभवी माणूस हवाय. मालक जुन्या वळणाचे, मेल उघडत नाहीत. शनिवारी बायोडेटा हातात घेऊन या म्हणतात. सांगितलं, नेटवर्क झालं की पहिलं पान तेच काढतो.

४ तारीख, मंगळवार.
दुपारपर्यंत झालं नाही. (दुपारी डोळा लागला.) हिच्या लॅपटॉपवर माझा प्रिंटर दिसतो, पण पासवर्ड मागतो. माझ्या कॉम्प्युटरला पासवर्डच नाही. नसलेली वस्तू मागणाऱ्याला द्यायचं काय?

ही म्हणाली, अहो, प्रिंटर तुमच्याच कॉम्प्युटरला जोडलाय ना, मग बायोडेटा तिथूनच काढा की.
हिला तत्त्व कळत नाही. तिथून काय, कोणीही काढेल.

५ तारीख, बुधवार.
पासवर्ड दिला. प्रिंटरला नावही दिलं: मुख्यालय. नवी अडचण अशी की मी आडवा झालो की थोड्या वेळाने कॉम्प्युटरही झोपतो, आणि मग नेटवर्क कसलं. कन्या म्हणाली, बाबा, तुमच्यावर गेलाय. दुर्लक्ष केलं. त्याची झोप बंद करून टाकली. भिंतीवर चिठ्ठी डकवली: ‘हा कॉम्प्युटर बंद करू नये. हुकमावरून.’ आता माझ्याशिवाय या घरात एक कागद हलणार नाही.

७ तारीख, शुक्रवार.
हिच्या लॅपटॉपवरून बायोडेटा पाठवला. पेंडिंग. पुन्हा पाठवला. पेंडिंग. कन्येच्या लॅपटॉपवरून पाठवला. कन्या म्हणाली, बाबा, पुढचाच हलत नाहीये, मागून ढकलून काय होणार? तिला चिकाटी म्हणजे काय ते ठाऊक नाही. आणखी थोडे पाठवले.

८ तारीख, शनिवार.
गोडाऊनवर गेलो नाही. नेटवर्क अशा नाजूक अवस्थेत असताना घर सोडणं बेजबाबदारपणाचं. मेहुण्याला कळवलं, तांत्रिक अडचण. तो म्हणाला, दाजी, कोपऱ्यावरच्या दुकानात पाच मिनिटांत काढून मिळतं. घरात प्रिंटर असताना? काखेत कळसा नि गावाला वळसा! पुढचा शनिवार ठरला. त्यापुढे मालक थांबणार नाहीत म्हणे.

११ तारीख, मंगळवार.
ड्रायव्हर अपडेट केला. आता प्रिंटर माझ्याही कॉम्प्युटरवर दिसत नाही. बरं वाटलं. म्हणजे, वाईट वाटलं.
स्क्रीन सारखा विचारतो, रीस्टार्ट आता करू की नंतर? समोर भिंतीवर चिठ्ठी आहे, स्क्रीनला वाचता येत नसेल तर काय करणार. ‘नंतर’ दाबलं.
ही गणितांची पानं दुकानातून काढून आणते. आज खोलीत कोणी आलं नाही.

१४ तारीख, शुक्रवार.
सकाळी शर्टाला इस्त्री केली. हिला समजावून सांगितलं की दोष मधल्या भिंतीचा आहे, फार जाड आहे. ही म्हणाली, हो, आणि अंगणही वाकडं असेल.

कन्या म्हणाली, बाबा, मला मेल करा, मी येताना छापून आणते. म्हटलं, हो. तत्त्व मोडायचंही ठरवलं होतं. पाठवण्याआधी एकदा वाचून पाहिला. एवढ्या वर्षांची नोकरी एका पानात बसली, तीही खाली जागा उरून. फॉन्ट मोठा करून पाहिला. समास वाढवून पाहिला. मग मेल राहून गेली.

१५ तारीख, शनिवार.
तयार झालो. बूट घातले. कॉलर टोचत होती. ही दारात उभी होती. पण कागदाशिवाय रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही. स्क्रीनने पुन्हा विचारलं. ‘नंतर’ दाबलं. बूट काढले.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन. त्यांनी दुसऱ्या कुणालातरी ठेवलं. रागावला नाही. असू दे दाजी, एवढंच म्हणाला. रागावला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते.

काही वाटलं नाही. जेवलो. टीव्ही लावला. आवाज बंद होता. तसाच पाहिला.

१७ तारीख, सोमवार.
आंघोळ करून आलो तर भिंतीवरची चिठ्ठी गायब. कन्येने कॉम्प्युटर रीस्टार्ट केला होता. प्रिंटर खोकला आणि सुरू झाला. नेटवर्क यशस्वी! (सेटिंग माझंच.)

बायोडेटा आला. मग बायोडेटा आला. दोन्ही लॅपटॉपांवर रांगेत अडकलेले सगळे एकामागून एक. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो. थांबव म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. ट्रेमधला कागद संपला तेव्हा थांबला.

मग कन्येने प्रिंटरच्या मागचं एक बटण दाबून त्याला सरळ वायफायवर घेतलं. बटण पहिल्यापासून होतं म्हणे. आता माझा कॉम्प्युटर चालू असायची गरज नाही. प्रिंटरही हॉलमध्ये गेला. सोयीचं आहे. माझ्या टेबलावर त्याच्या आकाराची स्वच्छ जागा आहे, भोवती धूळ.

१९ तारीख, बुधवार.
हॉलमध्ये शिकवणी चालू आहे. हिने ती पाठकोरी पानं मुलांना कच्च्या कामाला वाटली. बरोबरच आहे, चांगला कागद वाया का घालवायचा. एका मुलीने पान उलटं केलं असावं. काकू, मागे कुणाचंतरी काहीतरी लिहिलंय, असं ऐकू आलं.
ही म्हणाली, ते जुनं आहे, तू भागाकार कर.

कॉम्प्युटर बंद केला. थोडा वेळ दाराकडे कान देऊन बसलो.
कुणाचं काही अडलं नाही.