उथळ पाण्यातला कायदा

ती. मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याची सूज आणि मामींचा राग, दोन्ही उतरली असतील अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक आहे, माझी नोकरी सोडून.

झालं असं, की कोर्टाने हुकूम काढला: मंत्र्यांच्या कचेरीत कोण कोणाला कशासाठी भेटलं, ते बाहेर फलकावर लावायचं. पेपरात वाचून मी टाळ्या वाजवल्या (ही म्हणाली, आधी दूध उतू जातंय ते बघा). पण पाणी अडवलं की दुसरी वाट काढतंच. पुढच्याच आठवड्यात क्रीडा खात्याचे सचिव आमच्या तरणतलावावर पोहायला शिकायला हजर, आणि पाठोपाठ एका कंपनीची सरकारदरबारी कामं करून देणारा गोडबोल्या. दोघांना पोहण्यात काडीचा रस नाही. उथळ भागात कठडा धरून, गळ्यापर्यंत बुडून कुजबुजत उभे. मी पाय मारा म्हटलं, की थोडे आपटायचे आणि पुन्हा कुजबूज (शिक्षक म्हणून माझी अब्रू गेली ती वेगळीच). मग मीही कान टवकारले. सगळे सार्वजनिक तलाव त्याच कंपनीला देण्याचा कायदा शिजत होता. म्हणजे ज्या पाण्यात उभे, तेच विकायला निघालेले. गल्लीतल्या पोरांना फी परवडणार नाही आणि मला नारळ मिळणार.

माझं डोकं फिरलं. मी तडक कोर्टात जाऊन, हुकुमाला अशी बगल दिली जातेय, असं प्रतिज्ञापत्र दिलं. सोमवारी साक्ष आहे. काल सचिवांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "मास्तर, पाण्याखाली माणसाला नीट ऐकू येत नाही."

मी म्हणालो, "साहेब, तुमचं डोकं पाण्याखाली गेलंय कधी?"

तेव्हापासून मला काढायची बोलणी चालू आहेत म्हणे. खुशाल काढा. मी मागे हटणार नाही.

तुमचा,
न बुडणारा भाचा

ता. क. तुमच्या शेजारच्या न्यायाधीशबाईंपुढेच हा खटला आहे. भाचा सज्जन आहे, एवढं सहज त्यांच्या कानावर घाला. शिफारस नव्हे, नुसती ओळख.

आणखी ता. क. हिने पत्र वाचलं. म्हणाली, "मग त्या दोघांत आणि तुमच्यात फरक काय? ते निदान पाण्यात तरी उतरले." तेव्हा बाईंशी अवाक्षर बोलू नका. साक्ष मी देणारच. फक्त नोकरीबरोबर तलावामागची खोलीही जाईल, म्हणून तुमचा माळा रिकामा करून ठेवा. सोमवारी साक्ष, मंगळवारी आम्ही चौघं सामानासह तुमच्या दारात.