बिनधुराचा दौरा

मुक्काम मूर्तिजापूरच्या अलीकडे, शाळेचा ओटा
माघातली सकाळ

आदरणीय इवाई वामनराव यांस,

नांदगाव पेठेच्या नत्थुजीचा दोन्ही हात जोडून रामराम. आम्ही सगळे धडधाकट आहोत. अंगं दुखतात, पण ती सायकलीमुळे. तुमचा गुडघा थंडीत काय म्हणतो ते कळवावे. इहीनबाई बीपीच्या गोळ्या वेळेवर घेत असतील. तुमची तूर घरात आली असं अंकुरकडून कळलं (अंकुर म्हणजे आमचा चिरंजीव आणि तुमचा जावई, म्हणून आपण इवाई, म्हणजे व्याही, हे तुम्हाला सांगायला नको, पण पत्र दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर त्यालाही समजावं). कपाशीचं विचारत नाही. यंदा आमच्याकडे कोणी कोणाला कपाशीचं विचारत नाही, तशी रीतच पडली आहे.

अपेक्षा मजेत आहे. आमच्या या सूनबाईंबद्दल पुढे सविस्तर लिहितोच. आधी दौऱ्याची हकीकत ऐकावी, म्हणजे जे झालं ते कसं झालं हे ध्यानात येईल आणि रागावताना क्रम चुकणार नाही.

दिवाळीनंतर पुण्याच्या एका संस्थेच्या ताई आमच्या नाट्यमंडळाकडे आल्या. खर्च संस्था देणार, आम्ही अमरावतीकडून अकोल्याकडे गावोगाव नाटक करत जायचं. अट एवढीच, की दौऱ्यात धूर शक्य तितका कमी व्हावा, आणि त्याचा हिशेब ठेवायला त्या स्वतः सोबत येणार. त्यांनी मला विचारलं, “तुमच्या एका प्रयोगाचा कार्बन किती असतो?” मी सांगितलं, तीन-चार तरी लागतात, कारण पात्रं पुष्कळ आणि प्रत्येकाला नाटकाची प्रत काढून द्यावी लागते. त्यावर त्यांनी हातातली वही मिटली आणि हवा तापण्याचं सगळं समजावून सांगितलं. पटलं मला. मी म्हटलं, आमच्या गावांत दिवसातला बराच वेळ विजेची लाईन नसतेच, तेव्हा अर्धं काम आधीच झालेलं आहे. त्या हसल्या. मी गंमत करत नव्हतो.

तर जनरेटर बंद, दिवे बंद, टेंपो बंद. चालत, सायकलीनं, बैलगाडीनं किंवा फारच झालं तर यष्टीनं जायचं. टेंपो जैनुद्दीनचा, तेव्हा टेंपो बंद म्हणजे जैनुद्दीन बंद, असं मला वाटलं. (जैनुद्दीन तुम्हाला आठवत असेल. अपेक्षाच्या लग्नात लाउडस्पीकर त्याचाच होता, आणि तो मंगलाष्टकांत बंद पडला होता.) त्याला सांगायला मी चार दिवस घाबरत होतो. तो म्हणाला, “नत्थुभाऊ, गाडी नको तं नको. मी तं हाव ना.” आणि स्वतःहून बैलगाडी शोधायला लागला.

इवाई, बैलगाडी मिळते हो. बैल मिळत नाहीत. ही दोन-तीन सालं अशी गेली की ज्यांच्याकडे जोड्या होत्या त्यांनी त्या बाजारात नेल्या, आणि आता रिकाम्या गोठ्यांत मोटारसायकली उभ्या असतात. शेवटी मोर्शीकडच्या एका संत्रेवाल्याकडे जोडी मिळाली. ती इतक्या लांबून चालवत आणायची तर दौरा सुरू व्हायच्या आधीच बैल थकणार. म्हणून जैनुद्दीननं ती टेंपोत घालून आणली. ताईंनी बैलांना टेंपोतून उतरताना पाहिलं आणि त्या बोलल्या, “हेसुद्धा मोजावं लागेल.” जैनुद्दीननं नम्रपणे सांगितलं, “जाताना गाडी खाली होती ताई, एकदम हलकी. येतानाचंच धरा.”

निघालो एकदाचे. गाडीत पेटी, तबला, कपडे आणि एक दाराची चौकट. बाकी नेपथ्य घरी ठेवलं. कपाट, झोपाळा, खुर्ची हे ज्या त्या गावात मागायचं ठरलं. झोपाळा कुठे मिळाला नाही. खुर्ची पहिल्याच गावात सरपंचांच्या घरून आली, पण सरपंचही तिच्यासोबत आले आणि प्रयोगभर तिच्या शेजारी उभे राहिले. लोकांना ते नाटकातलेच वाटले. दुसऱ्या अंकात त्यांनी एक वाक्यही टाकलं, आणि ते बरं होतं.

आमचं नाटक तुम्ही पाहिलेलं नाही (नाटकाबद्दल तुमचं मत मला माहीत आहे, सोयरीक ठरवतानाच तुम्ही ते सांगितलं होतं). एक करडा बाप. त्याच्या मुलीला पाहायला लोक येतात आणि तो प्रत्येकाला असं काही विचारतो की पाहुणा चहा अर्धा टाकून पळतो. बापाचं काम आमचे शेषराव करत. उत्तम नट, पण देह भरलेला, आणि सायकल त्यांनी मॅट्रिकनंतर पाहिली नव्हती. बडनेऱ्याच्या पुढे त्यांनी बसायचं सोडलं आणि सायकल हातात धरून चालू लागले. त्याच्या पुढे सायकल आम्हाला दिली. आणि एका फाट्यावर यष्टी दिसली तशी तिला हात दाखवून ते सरळ घरी निघून गेले. ताईंनी कौतुकच केलं, की राग आलेला असूनही माणूस सार्वजनिक वाहनानं गेला.

आता बाप नाही, आणि तीन वाजता गावात पोचलो. मी ठरवलं, प्रयोग रद्द करायचा. तसं सांगायला शाळेच्या आवारात गेलो, तर बाया आधीच येऊन बसलेल्या. पुढे दुर्गाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, “तुमच्या नाटकात कोनी मरते काय?”

मी म्हटलं, नाही.

“शेतकरी हाय काय त्याच्यात?”

“नाही. पोरगी पाहायला येतात, त्याचं आहे.”

“मंग करा. मांगं नाटकवाले आले होते ते आमालेच रडवून गेले, अन् वरून फोटो काढून गेले.”

त्यांच्या घरी गेल्या साली काय झालं होतं ते शेजारच्या बाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं. इथे लिहीत नाही. एवढंच, की त्यानंतर दुर्गाबाई घराबाहेर येऊन कुठे बसल्या असतील तर त्या दिवशी पहिल्यांदा. मी रद्द हा शब्द गिळला आणि बैलगाडीकडे परत आलो. काय करावं सुचेना. तेव्हा अपेक्षा म्हणाली, “मामाजी, मी करतो. मले सारं पाठ हाय.”

तुम्ही तिला दौऱ्यावर पाठवताना घातलेली अट मला चांगली आठवते. तिनं आडोशाला बसून वाक्यं सांगायची, समोर यायचं नाही. मी तिला त्या अटीची आठवणही करून दिली. ती म्हणाली, “त्या म्हातारीले तुमी सांगता का मंग, का नाटक नाही होत म्हनून?” मी नाही सांगू शकलो. तुम्हीही सांगू शकला नसता, असं मला वाटतं, पण ते तुम्ही ठरवावं.

तिनं काजळाच्या मिशा काढल्या, धोतर नेसली आणि चौकटीतून आत आली. मी मुलाच्या बापाच्या कामात समोर बसलेलो. तिनं काही बोलायच्या आधी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आभाळाकडे धरून पाहिला, परत लावला, माझ्याकडे चपलेपासून टोपीपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाली, “हं.”

इवाई, मी माझं वाक्य विसरलो. सोयरिकीच्या दिवशी मी तुमच्या बैठकीत ज्या ठिकाणी बसलो होतो तिथेच मला बसल्यासारखं झालं. मी उठून उभा राहिलो, जे नाटकात नाही. लोक हसायला लागले. दुर्गाबाई आधी पदर तोंडाला लावून हसल्या, मग शेजारणीच्या खांद्यावर डोकं ठेवून हसल्या. दिवे नसल्यामुळे प्रयोग उन्हातच होता. सावली सरकेल तसे लोक सरकत आणि आम्ही त्यांच्याकडे तोंड करत फिरत होतो. सुरुवात केली तेव्हा उत्तरेला पाहत होतो, संपलं तेव्हा पूर्वेला. कोणी उठून गेलं नाही.

नंतर अपेक्षा शाळेमागे मिशा धूत होती. डोळे लाल होते. मला म्हणाली, “थट्टा नाही केली मामाजी. करडा मानूस कसा करावा म्हनून इचार केला, तं मले बाबाच आठवले. मांगं लग्नाच्या टायमाले सारे पाव्हने गेल्यावर ते एकटेच दाराशी उभे होते, ते बी आठवलं. म्हनून शेवटी तशी उभी राह्यलो.” शेवटी खरंच ती चौकटीत नुसती उभी राहिली होती. मुलीचं ठरलेलं, पाहुणे गेलेले, आणि बाप दारात. तिथे कोणी हसलं नव्हतं. काजळ डोळ्यांत गेलं असेल असं मी तिला म्हटलं. ती हो म्हणाली.

तेव्हापासून प्रत्येक गावात तीच बाप करते आहे. सांगायचं कारण असं की कालच्या प्रयोगाला तुमच्या गावचा एक जण होता. तो भर प्रयोगात मोठ्यानं म्हणाला, “हे तं आमचे वामनराव होत.” तो आज संध्याकाळपर्यंत घरी पोचेल. त्याच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून सकाळीच लिहायला बसलो. पत्र जैनुद्दीनच्या भाच्यासोबत यष्टीनं पाठवतो आहे. त्याला चहा पाजावा, पण काही विचारू नये, तो घाबरतो.

चुकलं असेल तर माझं चुकलं. लहानांना आशीर्वाद, इहीनबाईंना नमस्कार.

आपला,
नत्थुजी

ता. क. शेवटचा प्रयोग तुमच्या गावात, मारुतीच्या पारासमोर आहे. अपेक्षा म्हणते, “बाबांच्या गावात मी उभी नाही राहनार, त्यांनी सोता सांगतल्याशिवाय.” तिला तेवढा फोन करावा. दुसरा बाप आता मिळणार नाही.

ता. क. २. पुण्याच्या ताईंनी आतापर्यंतचा हिशेब केला. बैलांना आणण्यात जेवढा धूर झाला तेवढ्यात आम्ही टेंपोनं थेट अकोल्याला पोचलो असतो. त्या दोन दिवसांपासून कमी बोलत आहेत. त्यांची राहायची सोय तुमच्याकडे करावी, त्यांना तुमच्या घरची भाकर आवडेल.

ता. क. ३. तुमची काळी टोपी खुंटीवर सापडली नाही तर घरात कोणावर रागावू नये. ती इथे आहे आणि अपेक्षाला बरोबर बसते. परवा इहीनबाई बहिणीकडे जातो म्हणून निघाल्या होत्या ना. त्या पहिल्या रांगेत होत्या.